स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणे (भारत)

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणे म्हणजे स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या जीविताला असलेल्या धोक्याच्या कारणास्तव आटोपशीर आकाराचे पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर मालकीचे असणे, ते घरात ठेवणे आणि प्रसंगी अंगावर वागवणे. भारतात यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना घ्यावा लागतो. शस्त्र बाळगणे हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. ती शासनाने अटींसह दिलेली अनुमती आहे. याउलट, हल्ला झाल्यास स्वतःचा बचाव करण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक व्यक्तीला दिलेला आहे आणि त्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. या दोन तरतुदी स्वतंत्र कायद्यांतून आलेल्या आहेत. परवाना मिळाल्याने बचावाच्या हक्काची मर्यादा वाढत नाही आणि परवाना नसल्याने तो हक्क नाहीसा होत नाही.

स्वरूप

एका हाताने धरून चालवता येईल अशा आखूड नळीच्या अग्निशस्त्रास सामान्यतः पिस्तूल म्हणतात. व्यवहारात त्याचे दोन मुख्य प्रकार आढळतात. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रात भरलेली असतात व प्रत्येक वेळी चाप ओढल्यावर पुढचे काडतूस नळीसमोर येते. स्वयंभरण पिस्तुलात काडतुसे मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये असतात. एक गोळी सुटल्यावर तिच्याच धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे काडतूस आपोआप चेंबरमध्ये चढते. चाप एकदा ओढल्यास एकच गोळी सुटते, त्यामुळे हे शस्त्र पूर्ण स्वयंचलित नसते.

कपड्यांखाली किंवा पिशवीत सहज राहील अशा पिस्तुलांचा प्रसार विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. अमेरिकी संशोधक जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी आखलेली आणि बेल्जियममधील एफएन कंपनीने तयार केलेली पिस्तुले या प्रकारात अग्रेसर ठरली. यांपैकी १९०० च्या नमुन्यासोबत ७.६५ मिलिमीटर व्यासाचे काडतूस रूढ झाले. इंग्रजी मापात तेच ०.३२ इंच, म्हणजे भारतात बोलीत 'बत्तीस बोर' म्हणून ओळखले जाणारे माप होय. जर्मनीच्या वाल्थर कंपनीने १९३१ मध्ये आणलेले पीपीके हे पिस्तूल या वर्गातील प्रातिनिधिक शस्त्र मानले जाते. त्याची नळी ८३ मिलिमीटर असून ७.६५ मिलिमीटरच्या नमुन्यातील मॅगझिनमध्ये सात काडतुसे बसतात.

भारतात 'बत्तीस बोर' हे एकच नाव दोन भिन्न काडतुसांना लावले जाते. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांबट व कडा असलेले असते, तर पिस्तुलाचे आखूड असते. ती परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. म्हणून परवान्यावर केवळ माप नव्हे, तर शस्त्राचा प्रकारही नोंदवलेला असतो.

आटोपशीर आकाराचे फायदे व तोटे एकाच गोष्टीतून उद्भवतात. नळी आखूड असल्याने शस्त्र लपते. मात्र पुढची माशी आणि मागची खाच यांतील अंतर कमी झाल्याने नेमातील लहानशी चूक लक्ष्यावर मोठी होते. वजन कमी असल्याने ते दिवसभर वागवता येते. मात्र त्याच काडतुसाचा धक्का हलक्या शस्त्रात हाताला अधिक जाणवतो. मूठ लहान असल्याने पकड पूर्ण बसत नाही. त्यामुळे लहान पिस्तूल चालवण्यास सोपे असते, हा समज बरोबर नाही. नवशिक्याला मोठ्या आकाराच्या शस्त्रापेक्षा लहान शस्त्राने नेम साधणे कठीण जाते आणि त्यासाठी अधिक सराव लागतो.

इतिहास

ब्रिटिश काळ

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने भारतीयांच्या हातातील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण स्वीकारले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली भारतीय शस्त्र अधिनियम संमत झाला. त्यानुसार भारतीयांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना अनिवार्य झाला, तर युरोपीयांना त्यातून सूट मिळाली. त्याच वर्षीचा देशी वृत्तपत्रांविषयीचा कायदा लॉर्ड रिपन यांच्या काळात रद्द झाला. शस्त्र अधिनियम मात्र कायम राहिला. या कायद्यातील वंशभेद हा राष्ट्रीय सभेच्या प्रारंभीच्या अधिवेशनांतील तक्रारीचा एक विषय होता. महात्मा गांधींनीही १९१८ मधील खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या प्रचारपत्रकात या कायद्यावर कठोर टीका केली होती.

लहान पिस्तूल सहज लपवता येत असल्याने ते सशस्त्र क्रांतिकारकांच्या आणि म्हणूनच सरकारच्याही दृष्टीने महत्त्वाचे होते. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून गुप्तपणे पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाचा वापर २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकमधील विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या वधासाठी अनंत कान्हेरे यांनी केला. लपवता येणाऱ्या शस्त्राकडे बंदुकीपेक्षा अधिक संशयाने पाहण्याची प्रशासनाची दृष्टी स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यातही टिकून राहिली.

संविधान सभेतील चर्चा

राष्ट्रीय सभेच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश होता. त्या आधारे डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी संविधान सभेत हा हक्क संविधानात समाविष्ट करण्याची दुरुस्ती सुचवली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. पारतंत्र्यातील परिस्थिती आता उरलेली नाही आणि योग्य-अयोग्य असा भेद न करता प्रत्येकाला असा हक्क देता येणार नाही, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. दुरुस्ती स्वीकारली गेली नाही. याच वर्षी ३० जानेवारीला महात्मा गांधींची हत्या लपवून आणलेल्या लहान इटालियन पिस्तुलाने झाली होती.

संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे. अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात शीख धर्मीयांना कृपाण धारण करण्याची मुभा आहे. शस्त्रे, अग्निशस्त्रे व दारूगोळा हा विषय संघसूचीत असल्याने त्याविषयीचा कायदा संसद करते. परवाने देण्याचे बहुतांश काम मात्र राज्यांतील अधिकारी पाहतात.

कायदेशीर चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९

१८७८ चा कायदा रद्द करून शस्त्र अधिनियम, १९५९ करण्यात आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा शस्त्र नियम, २०१६ यांनी घेतली. अधिनियमाच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय कोणतेही अग्निशस्त्र किंवा दारूगोळा संपादन करता येत नाही, जवळ बाळगता येत नाही अथवा वागवता येत नाही. कलम ९ नुसार २१ वर्षांखालील व्यक्तीस, तसेच हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीस शिक्षेनंतर पाच वर्षे शस्त्र बाळगण्यास मनाई असते.

परवाना देण्यासंबंधीचे कलम १३ विशेष महत्त्वाचे आहे. संरक्षणासाठी किंवा क्रीडेसाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक मागणाऱ्या नागरिकाच्या बाबतीत, नकाराची कारणे नसल्यास परवाना द्यावा अशी या कलमाची भाषा आहे. पिस्तूल या वर्गात येत नाही. त्यासाठी अर्जदारापाशी सबळ कारण आहे, अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. याच भेदामुळे शेतीसंरक्षणासाठी कोकणातील अथवा गोव्यातील शेतकऱ्याला मिळणारा बंदुकीचा परवाना आणि शहरातील व्यापाऱ्याने मागितलेला पिस्तुलाचा परवाना यांच्या कसोट्या सारख्या नसतात. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातील कोडव समाजाला मिळणारी परवान्यातील पारंपरिक सवलतही रायफल व बंदुकीपुरतीच असून पिस्तुलाला लागू नाही.

निषिद्ध व अनिषिद्ध बोर

लष्कर व पोलीस यांच्या वापरातील काडतुसे ज्यांत चालतात, अशी मापे सामान्यतः निषिद्ध बोर म्हणून ओळखली जातात. ९ मिलिमीटर पिस्तूल आणि ०.३८ रिव्हॉल्व्हर हे या गटात मोडतात. त्यांच्या परवान्याचा अधिकार केंद्रीय गृहमंत्रालयाकडे असून तो अपवादात्मक परिस्थितीतच मिळतो. परिणामी, जगात स्वसंरक्षणासाठी सर्वाधिक वापरले जाणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल भारतातील सामान्य परवानाधारकास उपलब्ध नसते. त्याच्यासमोर प्रामुख्याने बत्तीस बोर व ०.२२ ही मापे उरतात.

२०१९ ची दुरुस्ती

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने अधिनियमात दुरुस्ती केली. एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली आणि अतिरिक्त शस्त्र जमा करण्यासाठी एक वर्षाची मुदत देण्यात आली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. विनापरवाना शस्त्र बाळगण्यासाठीच्या शिक्षा वाढवण्यात आल्या. लग्न, मिरवणूक अशा प्रसंगी निष्काळजीपणे हवेत गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवण्यात आली.

न्यायालयीन निर्णय

१९९३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका निर्णयात शस्त्र बाळगण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मत व्यक्त केले होते. त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने पुढे ते अमान्य केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांविषयीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अमेरिकेच्या संविधानाप्रमाणे भारतीय संविधानात शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क दिलेला नाही, याकडे लक्ष वेधले. तथापि, परवाना नाकारताना प्राधिकाऱ्याला मनमानी करता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ अन्वये त्याविरुद्ध अपील करता येते.

परवान्याची प्रक्रिया

मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त, तर अन्यत्र जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. प्रक्रियेचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे आहेत.

- विहित नमुन्यात अर्ज. त्यासोबत ओळख, निवास, वय यांचे पुरावे आणि शस्त्राची गरज का आहे याचे निवेदन.
- शारीरिक व मानसिक आरोग्याविषयी वैद्यकीय प्रमाणपत्र.
- शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याविषयी हमीपत्र.
- स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत चौकशी; तीत पूर्वचारित्र्य, दाखल गुन्हे, शेजाऱ्यांशी असलेले वाद आणि सांगितलेल्या धोक्याची सत्यता तपासली जाते. २०१६ च्या नियमांनी या अहवालासाठी ३० दिवसांची मुदत घातली आहे.
- परवाना प्राधिकाऱ्याचा निर्णय. पोलीस अहवाल मिळाल्यापासून तो ६० दिवसांत देणे अपेक्षित आहे.
- परवाना मिळाल्यावर अधिकृत विक्रेत्याकडून खरेदी आणि शस्त्राची परवान्यावर नोंद.

प्रत्येक परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होते व त्याला एक विशिष्ट ओळख क्रमांक दिला जातो. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, माप व क्रमांक, काडतुसांची अनुज्ञेय संख्या आणि तो कोणत्या क्षेत्रात वैध आहे याचा उल्लेख असतो. क्षेत्र जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत यांपैकी असू शकते. महाराष्ट्रापुरता परवाना असलेली व्यक्ती तेच पिस्तूल घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरल्यास ती परवान्याच्या बाहेर जाते.

अर्जातील निर्णायक भाग म्हणजे धोक्याचा पुरावा. नियमांनुसार व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणाने जीविताच्या अथवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज असलेल्या व्यक्तीचा विचार केला जातो. रोख रकमेची किंवा दागिन्यांची ने-आण, खंडणीच्या धमक्या, न्यायालयीन साक्षीमुळे निर्माण झालेले वैर, एकाकी वस्तीवरील वास्तव्य ही कारणे सामान्यतः दिली जातात. धमकीची पोलिसांकडे वेळीच केलेली तक्रार हा यातील महत्त्वाचा पुरावा होय. केवळ असुरक्षित वाटणे किंवा सामाजिक प्रतिष्ठा ही कारणे पुरेशी मानली जात नाहीत.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र वारसाकडे आपोआप जात नाही. वारसाला स्वतंत्र अर्ज करून पात्रता सिद्ध करावी लागते. वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्या किंवा २५ वर्षे शस्त्र बाळगलेल्या परवानाधारकाला हयातीतच ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो.

उपलब्ध शस्त्रे

खासगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांच्या आयातीवर १९८० च्या दशकापासून कडक निर्बंध आहेत. त्यामुळे त्यापूर्वी देशात आलेली वाल्थर किंवा वेब्ली अँड स्कॉट यांसारखी जुनी शस्त्रे परवानाधारकांमध्ये हस्तांतरित होत राहतात व त्यांना मूळ दर्जाच्या मानाने पुष्कळ अधिक किंमत मिळते.

देशातील उत्पादन दीर्घकाळ सरकारी आयुध निर्माणींपुरते मर्यादित होते. कानपूर येथील निर्माणीचे बत्तीस बोर रिव्हॉल्व्हर आणि 'अशनी' हे बत्तीस बोर पिस्तूल ही त्यांतील परिचित शस्त्रे होत. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने महिलांना समोर ठेवून 'निर्भीक' हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे, टायटॅनियम मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर आणले. त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल फॅक्टरीने 'निडर' हे सुमारे २५० ग्रॅम वजनाचे ०.२२ रिव्हॉल्व्हर तयार केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतील शस्त्रनिर्मिती करणाऱ्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' हे बत्तीस बोर रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दरम्यान खासगी उद्योगांनाही परवाने मिळाले असून उत्तर प्रदेशात वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश नावाने रिव्हॉल्व्हरची निर्मिती होऊ लागली आहे. काडतुसांच्या निर्मितीत पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्याचे स्थान जुने आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याची 'केएफ' ही मुद्रा काडतुसाच्या बुडावर आढळते.

बचावाचा हक्क आणि पिस्तुलाचा वापर

शस्त्र कधी वापरता येते, हे शस्त्र अधिनियम सांगत नाही. ते भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३४ ते ४४ मध्ये सांगितले आहे. १ जुलै २०२४ पूर्वी याच तरतुदी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होत्या. प्रत्येक व्यक्तीला स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचा, तसेच मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क आहे. तथापि कलम ३७ नुसार शासकीय यंत्रणेची मदत घेण्याइतका अवधी असेल, तर हा हक्क उरत नाही. आणि बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही.

गोळी झाडणे हे प्राणघातक बळ असल्याने हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क केव्हा पोहोचतो, हा खरा प्रश्न असतो. कलम ३८ नुसार मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, सुटकेसाठी शासनाकडे जाता येणार नाही अशा रीतीने कोंडून ठेवणे, आम्लहल्ला अशा ठरावीक प्रसंगी तो तेथपर्यंत पोहोचतो. मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ मध्ये जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे अशा मोजक्या प्रसंगांचा समावेश आहे. साध्या चोरीत, जिवाची भीती नसताना, चोरावर गोळी झाडणे या हक्कात बसत नाही.

हा हक्क धोक्याच्या वाजवी भीतीबरोबर सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. हल्लेखोर पाठ फिरवून पळू लागल्यावर त्याच्यावर झाडलेली गोळी सामान्यतः बचाव ठरत नाही, सूड ठरते. मर्यादा सद्भावनेने ओलांडली गेल्यास खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होऊ शकतो. म्हणजे शिक्षा कमी होते, पण सुटका होत नाही. जीवघेण्या हल्ल्यात निरपराध व्यक्तीला इजा होण्याचा धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्य नसेल, तर कलम ४४ तो धोका पत्करण्यास मुभा देते. मात्र खरोखरच अन्य उपाय नव्हता का, हे न्यायालय तपासते.

सर्वोच्च न्यायालयाने दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या खटल्यात या हक्काची दहा तत्त्वे एकत्र मांडली. प्रत्यक्ष घाव बसेपर्यंत थांबण्याची गरज नाही, वाजवी भीती पुरेशी आहे. आणि जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक पाऊल सोनाराच्या तराजूत तोलावे अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्यांचा आशय आहे. त्या खटल्यात वडिलांवर हल्ला होताना बंदूक चालवणाऱ्या आरोपीची मुक्तता झाली. तरीही बचावाची परिस्थिती होती हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. संशयापलीकडे पुरावा देण्याची त्याला आवश्यकता नसते. शक्यतेचा कल आपल्या बाजूला आहे एवढे दाखवणे पुरते. व्यवहारात याचा अर्थ असा की बचावासाठी गोळी झाडणाऱ्यास गुन्ह्याची नोंद, शस्त्राची जप्ती, तपास आणि बहुधा खटला यांना सामोरे जावे लागते. परवाना हा शस्त्र जवळ असण्याचा खुलासा असतो. ते का चालवले याचा खुलासा स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

सार्वजनिक ठिकाणी वागवणे

नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या परिणामकारक ताब्यात असावे लागते. शस्त्र उघड मिरवणे, रोखून दाखवणे किंवा सार्वजनिक ठिकाणी झाडणे यास मनाई असून त्यामुळे परवाना रद्द होऊ शकतो आणि शस्त्र जप्त होऊ शकते. समाजमाध्यमांवर शस्त्रासह छायाचित्रे टाकल्यावरून पोलिसांनी कारवाई केल्याची उदाहरणे महाराष्ट्रात वारंवार घडतात. विमानप्रवासात शस्त्र व काडतुसे प्रवासी कक्षात नेता येत नाहीत; परवाना दाखवून, शस्त्र रिकामे करून ते नोंदणीकृत सामानात द्यावे लागते.

निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश दिले जातात. सरसकट सर्वांना असा आदेश न देता छाननी समितीने प्रत्येक प्रकरणाचा विचार करावा, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली आहे.

सुरक्षितता

जगभरच्या प्रशिक्षणात चार मूलभूत नियम शिकवले जातात: प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजावे; ज्यावर गोळी झाडायची नाही त्या दिशेला नळी कधीही नेऊ नये; नेम धरून झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे; आणि लक्ष्य कोणते व त्याच्या मागे काय आहे हे ओळखावे. यांतील शेवटचा नियम दाट वस्तीच्या भारतीय शहरांत विशेष महत्त्वाचा आहे, कारण चुकलेली गोळी पातळ भिंतीतून किंवा गर्दीतून पुढे जाते.

अपघातांचे एक परिचित कारण म्हणजे चेंबरमध्ये राहिलेले काडतूस. मॅगझिन काढल्यावर पिस्तूल रिकामे झाले, असे साफसफाई करणाऱ्यास वाटते. परंतु चेंबरमधील गोळी चाप ओढताच सुटू शकते. म्हणून मॅगझिन काढल्यानंतर सरकता भाग मागे ओढून चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासण्याची शिकवण दिली जाते. घरात शस्त्र कुलूपबंद पेटीत आणि काडतुसे वेगळी ठेवणे, किल्ली मुलांच्या हाती लागू न देणे, मद्यपान केले असता शस्त्राला स्पर्श न करणे हे सर्वमान्य संकेत आहेत. शस्त्र हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास तत्काळ पोलीस ठाण्यात कळवणे परवानाधारकावर बंधनकारक आहे.

येथे स्वसंरक्षणाच्या हेतूत एक अंतर्विरोध आहे. कुलूपबंद व रिकामे शस्त्र कुटुंबासाठी सुरक्षित असते, पण अचानक आलेल्या हल्ल्यात हाताशी येत नाही. भरलेले व हाताशी असलेले शस्त्र तत्पर असते, पण मूल, निराश झालेली व्यक्ती किंवा रागाच्या भरातला घरातलाच माणूस यांच्याही हाताशी असते. हा पेच नियमांनी सुटत नाही. प्रत्येक धारकाला तो आपल्या घराच्या परिस्थितीनुसार सोडवावा लागतो.

मतमतांतरे

परवाने सुलभ करावेत असे म्हणणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद असा की गुन्हेगारांना विनापरवाना शस्त्र सहज मिळते आणि कायदा पाळणारा नागरिकच निःशस्त्र राहतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार अग्निशस्त्राने होणाऱ्या खुनांपैकी बहुतांश विनापरवाना शस्त्रांनी होतात. बिहारमधील मुंगेर हे अशा बेकायदा निर्मितीचे जुने केंद्र म्हणून ओळखले जाते, आणि महाराष्ट्रात 'गावठी कट्टा' या नावाने सापडणारी पिस्तुले पोलिसांच्या बातम्यांचा नेहमीचा विषय आहेत. पोलीस मदत पोहोचण्यास लागणारा वेळ हाही या बाजूचा मुद्दा आहे.

विरोधी बाजू घरातील धोक्याकडे लक्ष वेधते. अमेरिकी संशोधक आर्थर केलरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरात बंदूक असण्याचा संबंध त्या घरात खून होण्याच्या सुमारे २.७ पट अधिक शक्यतेशी आढळला होता. घरातील शस्त्र आणि आत्महत्या यांचा संबंध त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतही दिसून आला. याच्या उलट गॅरी क्लेक व मार्क गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत दरवर्षी सुमारे २५ लाख वेळा बंदुकीचा बचावासाठी उपयोग होत असल्याचा अंदाज वर्तवला. तेथील शासकीय पाहणीतून निघणारी संख्या मात्र त्याहून पुष्कळच लहान असल्याने हा अंदाज वादग्रस्त ठरला. अमेरिकेतील शस्त्रसंख्या व परवानापद्धती भारताहून अगदी भिन्न असल्याने हे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

'निर्भीक'च्या निमित्ताने महिलांच्या सुरक्षिततेसंबंधी वेगळी चर्चा झाली. सव्वा लाखाच्या घरातील किंमत आणि परवान्याची दीर्घ प्रक्रिया पाहता ते शस्त्र सामान्य स्त्रीच्या आवाक्यात नाही, तसेच सुरक्षिततेची जबाबदारी शासनाकडून स्त्रीवर ढकलली जाते, अशी टीका झाली. स्त्रियांवरील बहुसंख्य अत्याचार परिचित व्यक्तींकडून होतात आणि अशा प्रसंगी पिस्तूल क्वचितच उपयोगी पडते, हाही आक्षेप घेण्यात आला. समर्थकांच्या मते शस्त्र बाळगण्याची निवड तरी स्त्रीला उपलब्ध असली पाहिजे.

पर्याय म्हणून मिरपूड फवारा, घरातील धोकासूचक घंटा, सोबत आणि पोलीस संरक्षणाची मागणी यांचा उल्लेख केला जातो. खंडणी किंवा वैरासारख्या प्रकरणांत धमकीची लेखी तक्रार दाखल करणे हे परवाना मिळो वा न मिळो, उपयुक्त ठरते: ती पोलीस संरक्षणाचा, परवान्याच्या अर्जाचा आणि पुढे वेळ आलीच तर न्यायालयातील बचावाचाही आधार असते.

हेही पाहा

- शस्त्र अधिनियम, १९५९
- भारतीय न्याय संहिता
- रिव्हॉल्व्हर
- खडकी दारूगोळा कारखाना
- नाशिक कट खटला